पाणी येण्याआधी

नाताळच्या सुट्टीत हैदराबादला गेलो ते एका निकाहसाठी. नणंदेच्या मुलीचे लग्न. वलीमा गुरुवारी आटोपला आणि हाताशी दोन दिवस उरले. मुलांना फिल्म सिटी बघायची होती, ह्यांना निवांत झोपायचे होते. मी शाळेत इतिहास शिकवते. सहावीच्या पुस्तकातले सातवाहन शिकवताना त्यांच्यानंतर कोण आले हे सांगायची वेळ येते, तेव्हा दरवर्षी फळ्यावर ‘इक्ष्वाकू, विजयपुरी’ एवढे दोन शब्द लिहून मी पुढे सरकते. विजयपुरी म्हणजे आजचे नागार्जुनकोंडा. हैदराबादपासून साधारण दीडशे किलोमीटर. तिकडे जाऊ म्हटले, तर शुक्रवारी निघण्याचा माझा बेत नणंदेच्या मिस्टरांनी हाणून पाडला. “जुम्म्याला तिथलं म्युझियम बंद असतं.” पुरातत्त्व खात्याची स्थळ-संग्रहालये शुक्रवारी बंद असतात हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. म्हणजे मुले म्हणाली तसे झाले, शुक्रवार त्यांचा आणि शनिवार माझा.

अम्मी बरोबर यायला तयार झाली याचे सगळ्यांना नवल वाटले. तिचे वय सत्तरीच्या घरात आहे, गुडघे दुखतात, आणि धरण हा शब्द तिला आवडत नाही. तिचे माहेर मराठवाड्यातल्या एका धरणात गेले. ती चौदा वर्षांची असताना सारे गाव उठले आणि दहा-बारा किलोमीटरवर, माळावर, पत्र्याच्या घरांत जाऊन बसले. त्याविषयी ती फार बोलत नाही. विचारले तर तिचे एक ठरलेले वाक्य असते, “पानी के नीचे गया सो गया.” त्या गावाचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरते, आणि गुप्तधनाच्या नादाने कुदळ घेऊन फिरणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही.

शनिवारी फजरची नमाज झाल्याबरोबर निघालो. इब्राहिमपट्टणम मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे गोल धोंडे एकमेकांवर ठेवल्यासारखे दिसू लागतात. मग कापसाची आणि भाताची शेते. नागार्जुनसागर आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. धरण प्रचंड आहे. १२४ मीटर उंच, २६ दरवाजे, आणि बांधकाम दगडी. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि ४ ऑगस्ट १९६७ रोजी इंदिरा गांधींनी कालव्यांत पाणी सोडले. आज एका काठावर तेलंगणा आणि दुसऱ्या काठावर आंध्र प्रदेश आहे. अम्मीने गाडीच्या काचेतून धरणाकडे एकदा पाहिले आणि थर्मासमधला चहा ओतायला घेतला.

आंध्रच्या बाजूला विजयपुरी साउथ नावाची वस्ती आहे. तिथून लाँच सुटते. पाऊण तासाचा प्रवास. पाणी हिरवट-निळे, आणि चहूकडे नल्लमलाच्या डोंगररांगांचे फाटे. धाकट्याने विचारले, “बेट आधीपासूनच होतं का?” तेव्हा त्याला सांगितले की बेट नव्हतेच, ती एक टेकडी होती. तेलुगूत कोंडा म्हणजे टेकडी. बौद्ध आचार्य नागार्जुन इथे राहत होते अशी परंपरा आहे, त्यांच्या नावाची ही टेकडी. तिच्या पायथ्याशी साधारण २३ चौरस किलोमीटरचे खोरे होते, तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला कृष्णा नदी. त्या खोऱ्यात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात इक्ष्वाकू राजांची राजधानी वसली आणि जवळपास शंभर वर्षे नांदली. आपली लाँच त्या शहराच्या डोक्यावरून चालली आहे, असे मी म्हणाले. मुले कठड्यावरून वाकून पाहू लागली. अम्मीने मात्र पदर डोक्यावर नीट घेतला आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटली. कबरस्तानाजवळून जाताना ती असेच करते.

या शहराचा शोध १९२६ मध्ये ए. आर. सरस्वती यांना लागला. ते मद्रासच्या पुराभिलेख कार्यालयात तेलुगू साहाय्यक होते. मग १९२७ ते १९३१ या काळात लाँगहर्स्ट यांनी उत्खनन केले, पुढे टी. एन. रामचंद्रन आले. हे सगळे नेहमीच्या सवडीने चालले होते. जमीन कुठे पळून जाणार होती! पण १९५४ साली चित्र पालटले. धरण होणार आणि खोरे बुडणार हे पक्के झाले. तेव्हा पुरातत्त्व खात्याने आर. सुब्रह्मण्यम यांच्या हाताखाली खास पथक इथे बसवले आणि १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे ते काम चालले. इजिप्तमध्ये आस्वान धरणासाठी अबू सिंबेलचे मंदिर कापून ६५ मीटर वर नेले, त्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत. पण युनेस्कोचे ते आवाहन १९६० चे, आणि आपले हे काम तोवर होत आले होते. आमच्या पाठ्यपुस्तकांत अबू सिंबेल येते, नागार्जुनकोंडा येत नाही.

बुडणाऱ्या जमिनीचा हिशेब कसा करतात, हे मला शिक्षिकेच्या नजरेने फार रंजक वाटते. आधी जुने नकाशे, गॅझेटियर, महसुली दप्तर पाहायचे. शेतांची नावेही कामाला येतात. एखाद्या शेताला लोक ‘पांढरी’ म्हणत असतील तर तिथे कधीतरी वस्ती होती असे समजावे, कारण जुन्या घरांची माती राखेने पांढुरकी होते. मग माणसे ओळीने शेतातून चालतात आणि दिसेल ते खापर, मणी, विटेचा तुकडा उचलून कुठे सापडला ते लिहून ठेवतात. त्यानंतर जागोजाग छोटे खड्डे घेऊन थर किती खोल आहेत ते पाहायचे. मग खरा प्रश्न येतो. ही जागा वाचवायची, की पूर्ण खणून, मोजून, कागदावर उतरवून सोडून द्यायची? रस्ता असेल तर वळवता येतो, इमारतीचा पाया सरकवता येतो. धरणाचे पाणी सरकवता येत नाही. म्हणून इथे जे काही करायचे ते पाणी येण्याआधी.

एक गोष्ट मुलांना समजावायला मला वेळ लागला. थोरली म्हणाली, “मग सगळं खणून काढलं म्हणजे वाचलंच की.” तसे नाही. उत्खनन म्हणजे पुस्तक वाचता वाचता पाने फाडणे. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही, आणि काढलेला थर परत घालता येत नाही. म्हणून वही, मोजपट्टी, नकाशा आणि कॅमेरा हेच खरे हत्यार. लिहिले नाही तर कुदळीने पाण्याचेच काम केले म्हणायचे.

खोऱ्यात शंभराहून अधिक स्थळे निघाली. दगडी हत्यारे वापरणाऱ्या आदिमानवापासून विजयनगरच्या काळापर्यंत. त्यांतली नऊ महत्त्वाची बांधकामे उचलून उंचावर पुन्हा उभारली, चौदांच्या प्रतिकृती केल्या. अशी इमारत हलवताना प्रत्येक दगडाला क्रमांक घालतात, त्याचे चित्र काढतात, आणि वर नेऊन त्याच क्रमाने लावतात. घर बदलताना आपण पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो तसेच, फक्त इथे एक चिठ्ठी चुकली तर भिंत चुकते.

लाँच बेटाला लागली. वर झाडी चांगली आहे, सावली आहे, पायवाटा झाडलेल्या आहेत. चौदाव्या शतकातल्या किल्ल्याच्या तटाचे अवशेष आहेत आणि त्यांच्या आतच संग्रहालय, बांधणी जुन्या विहारासारखी. १९६६ साली ते सुरू झाले. आत पांढुरक्या-हिरवट चुनखडीत कोरलेल्या फळ्या आहेत, जातककथा, बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग, मिरवणुका. इतके बारीक काम की दागिन्यांच्या कड्याही मोजता येतात. रोमन नाणी या खोऱ्यात मिळाली आहेत, सम्राट टायबेरियस आणि राणी फॉस्टिना यांची. सिंहल म्हणजे श्रीलंकेच्या भिक्षूंसाठी इथे स्वतंत्र विहार होता. बंदराहून नदीने माल वर यायचा आणि त्याबरोबर माणसेही.

आपल्याकडचाही एक धागा सापडला. आभीर राजा वसुषेण याच्या काळातला एक शिलालेख इथला आहे, अष्टभुजस्वामी या विष्णूच्या देवळासंबंधी. आणि आभीरांचा दुसरा प्रसिद्ध लेख आहे नाशिकच्या लेण्यांत, राजा ईश्वरसेनाचा. नाशिक ते विजयपुरी हे अंतर तेव्हाच्या माणसांना आपल्याला वाटते तेवढे लांब नसावे.

अम्मीला शिल्पांत फार रस नव्हता. ती बाकावर बसून गुडघे चोळत होती. मी सांगितले की इथला मोठा स्तूप, महाचैत्य, एका बाईने उभारून घेतला. तिचे नाव चांतिसिरी. पहिल्या इक्ष्वाकू राजाची बहीण, पुढच्या राजाची आत्या. आणि त्याची सासूसुद्धा. अम्मी ताठ बसली. “आत्याच सासू? म्हणजे आपल्यासारखंच!” दोन दिवसांपूर्वी ज्या निकाहला आम्ही आलो होतो, तोही नात्यातलाच. त्यानंतर तिने प्रत्येक शिलालेखापाशी थांबून विचारायला सुरुवात केली की हा कोणाचा, बाईचा की पुरुषाचा. बरेच बायकांचे निघाले. राण्या, राजघराण्यातल्या लेकी, आणि बोधिसिरी नावाची एक साधी उपासिकाही, जिने विहार, मंडप, तलाव अशी देणग्यांची लांबलचक यादी दगडावर कोरून ठेवली आहे. “नाव लिहून ठेवलं म्हणून कळलं,” अम्मी म्हणाली. पुढे काही म्हणाली नाही.

बाहेर पुन्हा उभारलेले स्तूप आहेत. स्तूपाचा पाया गाडीच्या चाकासारखा, मध्ये तुंबा आणि आऱ्या, हे वरून पाहताना छान कळते. नदीकाठचा दगडी घाटही आणून लावला आहे. त्याच्या पायऱ्या इतक्या घोटीव आहेत की मुले लगेच वरखाली धावू लागली. त्याच्या थोडे पुढे एक गोष्ट आहे जिच्यापाशी लोक थांबत नाहीत, कारण ती दिसायला ओबडधोबड आहे. मोठ्या शिळांचे वर्तुळ आणि आत पुरण्याची जागा. महापाषाणयुगातली कबर. दोन हजार वर्षांहून जुनी. खोऱ्यातून उचलून ती इथे मांडली आहे.

अम्मी तिथे उभी राहिली. बराच वेळ.

“यांची कबरसुद्धा वर आणली,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, “आमच्या अब्बांना कुणी आणलं नाही.”

माझे नाना, म्हणजे तिचे अब्बा, धरणाच्या आदल्या वर्षी वारले. गावच्या कबरस्तानात, लिंबाखाली. पाणी आले तेव्हा तिथे कुणी गेले नाही, जाण्यासारखे काही राहिलेही नव्हते. मी हे आजवर फक्त ओझरते ऐकले होते. त्या बेटावर, झाडाखालच्या बाकावर, तिने पहिल्यांदा सगळे गाव सांगितले. वेशीपासून सुरुवात करून. डाव्या हाताला बारव, उजव्या हाताला तेल्याचा घाणा, मग चुन्याची छोटी मशीद, तिच्या दारावर एक काळा दगड, त्यावर फारसी. मौलवीसाहेब म्हणायचे की कुणा सुभेदाराचा आहे. कुणी वाचून दाखवला नाही. “मला उलटा ‘नून’ लक्षात आहे,” ती म्हणाली, “मी त्याला होडी म्हणायचे.”

मला धरणाविरुद्ध बोलायचे नाही. हैदराबादहून येताना जी भाताची शेते आम्ही पाहिली, तसल्या लाखो एकरांना कृष्णेचे पाणी मिळाले ते या बांधामुळे. आमच्याकडचे उसाचे आणि नळाचे पाणीही तसेच. पण बेटावर फिरताना एक गोष्ट मनात टोचत राहिली. धरण आले तेव्हा त्या खोऱ्यात माणसे राहत होती. पुल्लारेड्डीगुडेम नावाचे खेडे होते, लंबाड्यांचे तांडे होते. तिसऱ्या शतकातल्या राणीचा स्तूप वर आला आणि १९५५ सालच्या माणसाची चूल खाली राहिली. पुरातत्त्वाच्या हिशेबात चूल यायला ती जुनी व्हावी लागते. तोवर ती असतच नाही.

जोहरची नमाज तिथेच, झाडाखाली पढलो. वजू तलावाच्याच पाण्याने केला.

परतल्यावर अनुपूला गेलो. हे ठिकाण काठावर आहे, तिथे प्रेक्षागार पुन्हा बांधले आहे. चारही बाजूंनी पायऱ्या आणि मध्ये दगडी चौक, आमच्या शाळेच्या कबड्डीच्या मैदानापेक्षा थोडा मोठा. मुलांनी तिथे लगेच हुतुतू सुरू केला. हारितीचे देऊळही जवळच आहे, मुलेबाळे राखणारी देवता म्हणून तिला पूजत. इथे गर्दी अजिबात नव्हती.

या साऱ्या खटाटोपातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट पुस्तकांची आहे. खणणे १९६० मध्ये संपले. सविस्तर अहवालाचा पहिला खंड छापून आला १९७५ मध्ये, आणि ऐतिहासिक काळावरचा दुसरा खंड २००६ मध्ये. सहा वर्षे खणले आणि लिहायला सेहेचाळीस लागली. ज्यांनी माती चाळली त्यांतले कितीतरी तोवर निघून गेले असतील. मी विद्यार्थ्यांना गृहपाठ वेळेवर द्या म्हणून ओरडते, तेव्हा आता हे आठवेल. पलीकडच्या काठावर येलेश्वरम नावाचे स्थळ होते, तेही याच पाण्यात बुडणारे. तिथे राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडून महंमद अब्दुल वहीद खान यांनी काम केले आणि त्यांचा ग्रंथ १९६३ मध्येच आला. पाणी भरण्याआधी. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याची ही शिस्त जुनी होती. अजिंठ्याच्या चित्रांची चार खंडांत नोंद करणारे गुलाम यजदानी याच खात्याचे संचालक, आणि तेव्हा आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता.

घरी परतलो. शाळा सुरू झाली. आणि फेब्रुवारीत मामूंचा फोन आला की नव्या गावातली मशीद पाडून मोठी बांधायची ठरली आहे. जमात वाढली, जागा पुरत नाही, वर स्लॅब टाकायचा आहे. मुकादम पुढच्या आठवड्यात येणार. मी सहज विचारले, जुन्या मशिदीचा दगड कुठे गेला? मामू म्हणाले, गाव उठताना लोकांनी बैलगाडीतून थोडे दगड आणले होते, नव्या मशिदीच्या पायात आणि हौदाच्या कठड्यात लावले. त्यांतला काळा कोणता होता, आता कुणाला ठाऊक.

नागार्जुनकोंड्याला सहा वर्षे मिळाली होती. आम्हाला आठ दिवस.

मी मामूंना सांगितले की मुकादमाला थांबवू नका, फक्त आधी मला दोन दिवस द्या. जमातीतल्या काहींना हे बाईमाणसाचे खूळ वाटले. एकाने तर म्हटले की मशिदीचे काम पुरातत्त्ववाल्यांना कळले तर बंद पाडतील. ही भीती पुष्कळ ठिकाणी असते, म्हणून नीट सांगते. जे स्मारक केंद्र सरकारने संरक्षित घोषित केले आहे, त्याच्या भोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीने, असा १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीचा नियम आहे. देशात अशी स्मारके साडेतीन हजारांहून थोडी अधिक. आमची मशीद त्यांत नव्हती, पन्नास वर्षांपूर्वीची साधी इमारत होती. पण शंभर वर्षांहून जुना कोरीव दगड ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू आहे, ती विकता-पाठवताना नियम लागतात. आणि पाया खणताना जमिनीत जुने काही निघाले, नाणी, दागिने, काहीही दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे, तर कलेक्टरना कळवावे लागते. हा कायदा १८७८ चा आहे, दहा रुपयेसुद्धा तेव्हाचेच. कळवले तर नियमाने मोबदल्याची तरतूद आहे, लपवले तर शिक्षेची.

शनिवारी-रविवारी मी, थोरली आणि वर्गातल्या चार मुली तिथे गेलो. आम्ही मशिदीचा नकाशा काढला, वहीच्या चौकटींच्या पानावर. दर भिंतीचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. मग प्रत्येक जुन्या दगडाला खडूने क्रमांक. एकूण त्रेसष्ट दगड वेगळे दिसले, बाकी सगळी वीट आणि सिमेंट. काळे दगड नऊ होते. एकावरही अक्षर दिसेना. एका मुलीने विचारले, “मॅडम, अक्षर आतल्या बाजूला असेल तर?” एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

मंगळवारी मुकादमाने हौदाचा कठडा सोडवला. मी शाळेत होते. मामूंनी फोटो पाठवला. एकेचाळीस क्रमांकाचा दगड, पालथा. अक्षरांत चुना बसलेला, डावा कोपरा तुटलेला, तीन ओळी. फोन मोठा करून करून पाहिला. उर्दू शिकवणाऱ्या बाईला फारसी वाचता येईल असा लोकांचा समज असतो. मला एक ‘बिना’ लागला, म्हणजे बांधले, आणि ‘मस्जिद’ लागले. साल असावे तिथे टवका उडालेला.

दगड सापडला की लोक पहिली चूक करतात ती घासण्याची. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑईल पेंटने अक्षरे भरणे. असे करू नका. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने माती काढा, सकाळी किंवा सायंकाळी तिरक्या उन्हात फोटो घ्या, कारण तिरक्या प्रकाशात अक्षरांच्या कडांना सावली पडते. अभ्यासक मग ओला कागद दगडावर बसवून, ब्रशने ठोकून, वरून शाई लावून ठसा घेतात. अरबी-फारसी शिलालेखांसाठी पुरातत्त्व खात्याची शाखा आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने ती नावारूपाला आणली. देशभरातल्या मशिदी, दर्गे, बारवा, कबरींवरचे लेख तिथे वाचले गेले. आपल्या गावच्या जुन्या दगडाचा फोटो, गाव-तालुका-जिल्हा लिहून तिथे पाठवायला काहीच अडचण नाही. मी पाठवला आहे.

मे महिन्यात अम्मीला घेऊन धरणावर गेलो. पाणी खूप मागे गेले होते. भेगाळलेल्या गाळातून मामू पुढे चालत होते, अम्मी माझ्या खांद्याला धरून मागे. वेशीचे दोन दगड होते. बारव गाळाने भरलेली, फक्त वरची कड. मशिदीचा चौथरा निघाला. लिंबाचा बुंधा नव्हता. अम्मी म्हणाली कबरस्तान डावीकडे, मामू म्हणाले उजवीकडे, बारवेच्या पलीकडे. दोघे भांडले. मामू तेव्हा आठ वर्षांचे होते, ती चौदाची, तरी मामू ऐकेनात. शेवटी दोन्ही बाजूंना तोंड करून फातिहा पढली.

त्या वहीत आता गावाचे दोन नकाशे आहेत, एक अम्मीचा आणि एक मामूंचा. पुनर्वसनातल्या इतर म्हाताऱ्यांकडे मुली रविवारी जातात आणि विचारून भर घालतात. घाणा कुणाचा, चावडी कुठे, महारवाड्याची वाट कुठून, मारुतीचे देऊळ किती पावलांवर. एका आजोबांनी तिसरीच जागा सांगितली कबरस्तानाची. ती पण लिहिली.

मशिदीचा स्लॅब पडला आहे. एकेचाळीस नंबरचा दगड मामूंच्या ओसरीत पोत्यावर ठेवलेला आहे, आणि मुकादम दर आठवड्याला विचारतो की तो आता कुठे बसवायचा. अम्मीने त्याला एवढेच बजावले आहे, “जिथे बसवशील तिथे बसव. होडी बाहेरच्या बाजूला आली पाहिजे.”